बासमधली झरझर आणि खुळखुळ

दुरुस्तीसाठी बास गिटार आली की तारांना हात लावायच्या आधी मी एकच गोष्ट विचारते : हा आवाज स्पीकरमधून येतो, की नुसता जवळून कानाला लागतो? बहुतेकांनी ते तपासलेलंच नसतं. घरी रियाज करताना बास मांडीवर असते, अ‍ॅम्प बंद असतो, आणि लाकडातून बारीकसारीक खरखर थेट कानाशी येते. मग माणूस अस्वस्थ होतो, झोपेतही त्याला तोच आवाज ऐकू येतो. ही अस्वस्थता मला खोटी वाटत नाही. पण आधी केबल जोडायची आणि ऐकायचं.

कारण पिकअप हवेतला आवाज ऐकत नाही. चुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, एवढंच त्याचं स्वरूप. समोरची पोलादी तार हलली की वेढ्यांमध्ये वीज तयार होते आणि ती अ‍ॅम्पकडे जाते. एखादा सुटा वॉशर कितीही खुळखुळला तरी पिकअपला बहुधा त्याचा पत्ता नसतो. तार नेकवरच्या धातूच्या फ्रेटला घासली तर मात्र तिचं हलणंच बदलतं, आणि ते स्पीकरपर्यंत पोचतं. स्टेजवर फक्त स्पीकरचाच आवाज ऐकू जाणार असेल, तर त्यात न येणाऱ्या झरझरीसाठी तारा उचलून बोटांचे हाल करू नयेत, हे माझं स्पष्ट मत.

लिओ फेंडरनं 1951 साली कॅलिफोर्नियात प्रिसिजन बास आणली. आजची साधी बास अजूनही जवळपास तशीच आहे : भरीव लाकडाची बॉडी, स्क्रूंनी जोडलेली नेक, वरच्या टोकाच्या नटपासून ब्रिजवरच्या सॅडलपर्यंत 34 इंच म्हणजे 864 मिलिमीटर लांबीच्या चार तारा. जाड ई तार सेकंदाला सुमारे 41 वेळा हलते, सगळ्यात बारीक जी तार 98 वेळा. चौघींचा मिळून ताण पाऊणशे किलोच्या आसपास. इतक्या ताणाखाली, इतक्या संथ आणि रुंद झोक्यानं तारा हलत असताना त्या वाद्यात सैल असलेलं काहीही गप्प बसत नाही.

मध्यंतरी एक मुलगा बास घेऊन आला. चर्चमध्ये दर रविवारी वाजवतो. म्हणाला, “ताई, दोघा-तिघांना दाखवली. सगळे म्हणतात तारा वर घे. घेतल्या, तरी वाजतेच.” सतराव्या फ्रेटपाशी ई तार चार मिलिमीटरहून वर होती, तिथे अडीचच्या आसपास पुरते. त्या उंचीवर तार दाबणं म्हणजे शिक्षा. आणि एवढ्या वर गेलेली तार पुढच्या फ्रेटला लागणं कठीण. मग वाजतंय काय?

त्याला म्हटलं, “ए तारेवर तिसऱ्या फ्रेटला सी वाजव.” खुळखुळ आली. “आता तोच सी ई तारेवर आठव्या फ्रेटला वाजव.” पुन्हा तीच खुळखुळ. शेजारचे स्वर स्वच्छ.

माझ्या कामातली ही सगळ्यात उपयोगी परीक्षा आहे. तार फ्रेटला लागत असेल तर दोष जागेशी बांधलेला असतो : त्याच तारेवर, त्याच फ्रेटला येणार, तोच स्वर दुसरीकडे वाजवला की जाणार. सुटा भाग वाजत असेल तर दोष स्वराशी बांधलेला असतो. प्रत्येक सैल तुकड्याची हलण्याची स्वतःची गती असते, आणि ती गती ज्या स्वराशी जुळते त्या स्वराला तो जागा होतो, मग तुम्ही तो स्वर कुठूनही काढा. हा सी सेकंदाला सुमारे 65 कंपनांचा. दोन्ही जागी वाजला, म्हणजे फ्रेटचा काही संबंध नव्हता.

अशा वेळी कानापेक्षा बोट खरं सांगतं. खुळखुळ लाकडातून सगळीकडे पसरते, त्यामुळे कानाला ती भलत्याच ठिकाणी आहे असं वाटतं. म्हणून मी त्याला सी वाजवत राहायला सांगितलं आणि एकेक वस्तू दाबत गेले. आधी हेडस्टॉक : चारही किल्ल्या, त्यांच्या खुंट्यांभोवतीच्या धातूच्या कड्या, तारा खाली दाबणारं छोटं बटण. मग पिकअपची कव्हरं, व्हॉल्यूम-टोनच्या खालची पत्र्याची पट्टी, नॉब, पट्ट्याची बटणं. शेवटी सॅडल. प्रत्येक सॅडलला उंचीचे दोन बारीक स्क्रू असतात; त्यातला एक ब्रिजच्या पत्र्यावर टेकलेला नसला तर तो हमखास थरथरतो. इथे सगळे टेकलेले होते. कुठेही बोट ठेवलं तरी आवाज थांबेना.

बोट पोचत नाही अशी मोठी वस्तू एकच उरते, ती म्हणजे नेकच्या पोटातला ट्रस रॉड. तारांच्या ताणानं नेक पुढे वाकते, तिला मागे धरून ठेवणारी ही पोलादी सळई. तारा पालथ्या हातानं बंद केल्या आणि नेकच्या पाठीवर मुठीनं हलकेच ठोकलं. आतून टिर्र असा आवाज आला. तारा वर घेण्याच्या नादात कुणीतरी रॉडचा नट पूर्ण सैल करून ठेवला होता. नेक पुढे वाकली, तारा उंच झाल्या, आणि मोकळा रॉड आपल्या खाचेत वाजायला लागला.

तारा सैल करून ॲलन कीनं नट थोडा आवळला, पुन्हा सुरात लावून ऐकलं. घट्ट व्हायला लागल्यावर पाव-पाव फेरीच द्यायची, आणि लाकडाला सावरायला वेळ द्यायचा. खुळखुळ गेली. मी नट परत सैल केला. खुळखुळ परत आली. आवळला, गेली. मुलगा माझ्याकडे बघत राहिला. पण असं उलटसुलट केल्याशिवाय मी दोष सापडला असं म्हणत नाही. आवाज नुसता थांबला तर तो का थांबला ते कळत नाही. मधल्या काळात तुम्ही बास उचलली, फिरवली, चार ठिकाणी दाबली. हवा तेव्हा आणता आला आणि हवा तेव्हा घालवता आला, तरच तो हातात आला. म्हणूनच एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तारा, रॉड आणि सॅडल एकाच बैठकीत फिरवणाऱ्यांच्या बास मला वारंवार भेटतात.

नेक किती वाकलीय ते मोजायला तार पहिल्या फ्रेटला आणि नेक-बॉडीच्या जोडापाशी एकदम दाबायची. ताणलेली तार हीच सरळ पट्टी होते. सातव्या-आठव्या फ्रेटवर तिच्याखाली सुमारे 0.3 मिलिमीटर फट हवी. साधारण एक व्हिजिटिंग कार्ड जाईल इतकी. थोडा बाक लागतोच, कारण तार मधोमध सगळ्यात रुंद झुलते. बाक आणि तारांची उंची जागेवर आणली, आणि मग मूळ दुखणं बाहेर आलं : डी तारेवर पाचव्या फ्रेटला झरझर. तोच स्वर, म्हणजे मोकळी जी तार, एकदम स्वच्छ. आता दोष जागेचा होता. आधीच्या सगळ्यांनी तारा उचलून झाकला होता तो हाच.

उंच फ्रेट शोधायला एटीएम कार्ड चालतं. त्याची लांब कड एका वेळी तीन फ्रेटांवर उभी ठेवायची आणि डोलवायची. डुलली तर मधला फ्रेट उंच. (पहिल्या तीन फ्रेटांना कार्ड थोडं अपुरं पडतं, तिथे स्टीलची पट्टी लागते, वरच्या अरुंद फ्रेटांवर आखूड कड.) पाच-सहा-सातवर कार्ड डी तारेखाली डुललं. सहावा फ्रेट लाकडी काडीनं दाबला की खाली बसायचा, सोडला की उठायचा. फ्रेटची तार आडव्या छेदात इंग्रजी टी अक्षरासारखी असते, तिचा दांडा लाकडाच्या खाचेत दाताळ्यांनी रुतलेला असतो. ही पकड सुटली होती. पातळ सुपरग्लूचा थेंब खाचेत झिरपवला, फ्रेट दाबून धरला, आणि ते काम तिथे संपलं. फ्रेट घट्ट असूनही उंच असता तर कानसच लागली असती.

माझं माहेर मिरजेचं, सतारमेकर गल्लीजवळचं. तिथे लहानपणी मी हीच घासणारी तार मुद्दाम घडवताना पाहिली. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा किंचित गोलसर घासतात, म्हणजे तार हलताना त्याला सतत स्पर्श करत राहते. मग तारेखालचं सूत पुढेमागे सरकवून ती नेमकी जागा शोधायची, आणि जवारी खुलते. सी. व्ही. रामन यांनी 1921 साली यावर लिहिलं. तार ज्या बिंदूवर छेडली तिथे जो उपस्वर निपजायला नको, तोही तंबोऱ्यात ऐकू येतो, आणि ती करामत त्या घोडीची आहे, हे त्यांनी दाखवलं. स्पर्शामुळे तारेच्या मंद हालचालीतली शक्ती वरच्या उपस्वरांत जाते. खर्जातल्या ई तारेची झरझर इतकी धारदार का लागते, त्याचं उत्तर हेच आहे. बासवादक जॅको पास्टोरियसनं आपल्या 1962च्या, बिनफ्रेटच्या जॅझ बासच्या फिंगरबोर्डवर इपॉक्सीचा कडक थर दिला. त्या थराला तार निसटती लागल्यावर जो गाणारा सूर येतो तो त्याच्या 1976च्या पहिल्या अल्बमवर ऐकावा. म्हणून मी सगळी झरझर मारत नाही. जोरात वाजवणाऱ्याच्या बासमध्ये फ्रेटचा थोडा कडकडाट हवाच, तोच बँडमध्ये तिला ऐकू आणतो.

पावसाळ्यात आमच्याकडे गर्दी वाढते. लाकूड ओल घेतं, नेक सरकते, मे महिन्यात स्वच्छ असलेली बास जुलैत बोलायला लागते. अशा वेळी आधी फक्त ती व्हिजिटिंग कार्डाएवढी फट मोजावी.

विजेची घरघर हा वेगळा विषय, पण तिच्याबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणजे ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरल्या जीच्या अगदी लगत. एकेरी गुंडाळीचे पिकअप ही घूं पकडतात. जॅझ बासच्या दोन्ही पिकअपचे व्हॉल्यूम पूर्ण उघडले की ती बरीचशी आपसात कटते. तारांना हात लावल्यावर घूं कमी झाली तर घाबरू नका, तारा ब्रिजमार्गे अर्थला जोडलेल्या असतात. पण घूं घालवायला अ‍ॅम्पच्या प्लगची अर्थची पिन कापणारे लोक मी पाहिलेत. कृपा करून कुणालाही ते करू देऊ नका. 1972 साली वेल्समधल्या स्वान्सीत स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वी, नीट अर्थ न केलेल्या मायक्रोफोनला हात लागून भर स्टेजवर गेला. मांडवातल्या ओल्या जमिनीवर उभं राहून जनरेटरच्या विजेवर वाजवणाऱ्या आपल्या पोरांची मला खरोखर काळजी वाटते.

आणि कधी कधी माझ्या टेबलावर बास एकदम शांत असते, घरी किंवा तालमीच्या खोलीतच वाजते. तेव्हा ती तिथेच ठेवून खोली तपासावी : खिडकीची सैल काच, लोखंडी कपाटाचं दार, ट्यूबलाइटची पट्टी. तालमीच्या खोलीत मात्र बहुतेकदा कारण ड्रमसेटमध्ये सापडतं. स्नेअरच्या खालच्या पडद्याला टेकलेल्या तारा बासच्या ठराविक स्वरांना झणझणतात. बाजूची छोटी दांडी खाली पाडली की त्या सुटतात, आणि बासला हातही लावावा लागत नाही.