शीआनमध्ये आधी शहर पाहावं

शीआनला पहिल्यांदा जाणाऱ्याचा बेत ठरलेला असतो: उतरलं की सकाळी थेट मातीच्या सैनिकांची फौज गाठायची. १९७४ साली विहीर खणताना शेतकऱ्यांना सापडलेलं चीनच्या पहिल्या सम्राटाचं हे सैन्य थक्क करतं, यात वाद नाही. पण ते शहराबाहेर, पूर्वेला तीसेक किलोमीटरवर आहे आणि एका राजाने मरणोत्तर आयुष्यासाठी केलेल्या बंदोबस्ताची ती गोष्ट आहे. तांग राजवटीत हेच शहर चांगआन या नावाने राजधानी म्हणून गाजत होतं. ते समजून घ्यायचं तर पहिला दिवस शहरालाच द्यायला हवा, असं माझं मत आहे.

सुरुवात तटापासून करावी. परीघ पावणेचौदा किलोमीटर, उंची बारा मीटर, आणि माथा इतका रुंद की वर भाड्याच्या सायकली चालतात. पाहणाऱ्याला वाटतं, हेच प्राचीन चांगआन. पण हा तट चौदाव्या शतकातला, मिंग राजवटीचा. दक्षिण तटापासून सुमारे चार किलोमीटरवर रानहंस पॅगोडा उभा आहे. भारतातून आणलेल्या ग्रंथांसाठी बौद्ध भिक्षू युआन श्वांगने इ.स. ६५२ मध्ये तो बांधवला, तेव्हा ती जागा शहराच्या आत होती. तांगांच्या तटाचा परीघच ३६ किलोमीटरच्या आसपास होता. इ.स. ९०४ मध्ये राजधानी लुओयांगला हलवताना राजवाडे उतरवून त्यांचं लाकूड नदीतून वाहून नेलं गेलं आणि चांगआन आक्रसलं. म्हणजे आज आपण ज्याला अख्खं जुनं शहर समजतो, तो तांग राजधानीचा सात-आठवा हिस्सा आहे.

यावर कुणी म्हणेल, मग उरलं काय? तटाची विसाव्या शतकात डागडुजी झाली, पॅगोडाही पुन्हा बांधलेला, आणि रात्री दिव्यांनी झगमगणारे ‘तांग’ रस्ते तर कालपरवाचे. हे खरंच आहे. पण चिनी इमारती मुख्यतः लाकडाच्या. जे टिकावं असं वाटलं, ते दगडावर कोरलं गेलं. तटाच्या आतच असलेल्या शिलालेख संग्रहालयात इ.स. ८३७ मध्ये पुरे झालेले ११४ शिलापट आहेत. दोन्ही बाजूंनी कोरलेल्या या पटांवर अभिजात ग्रंथांची साडेसहा लाख अक्षरं आहेत. तिथलाच इ.स. ७८१ चा शिलालेख चिनी मजकुराबरोबर सिरियाक लिपीही दाखवतो आणि ६३५ मध्ये इथे ख्रिस्ती धर्म पोहोचल्याचं सांगतो. शिवाय डागडुजीने विटा बदलतात, पॅगोडाची जागा बदलत नाही; शहर केवढं होतं याचा तो आजही पुरावा आहे.

मराठी प्रवाशाला तर इथे आणखी एक धागा सापडतो. हाच युआन श्वांग दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेला. तिथल्या लोकांचा मानीपणा त्याने नोंदवला आणि ते वर्णन चांगआनमध्येच ग्रंथबद्ध झालं. फौज चुकवावी असं नाही. ती दुसऱ्या दिवशी पाहावी. शहर आधी पाहिलेलं असलं, तर शीआन म्हणजे फक्त मातीचे सैनिक, असा समज घेऊन कुणी परतणार नाही.