मीठ-साखरेचे पाणी आणि आतड्यातील पेशीपटल

जुलाब होत असलेल्या मुलाला पाणी देऊ नये, दिल्यास जुलाब वाढतात, अशी समजूत अनेक घरांत आजही आढळते. पाणी शरीरातून जाताना डोळ्यांना दिसते, म्हणून ते तोडावे असा हा तर्क आहे. तो चुकीचा का, हे कळण्यासाठी आतड्याच्या पेशीपर्यंत जावे लागते.

उर्दूत जिला ‘ख़लिया’ म्हणतात त्या पेशीभोवती स्निग्ध रेणूंच्या दुहेरी थराचे पटल असते. त्याची जाडी जेमतेम ७ ते ८ नॅनोमीटर. ऑक्सिजनसारखे लहान, भाररहित रेणू त्यातून सहज पार होतात. जिकडे दाटी जास्त तिकडून कमी दाटीकडे. हे विसरण होय. पाण्याची गोष्ट थोडी निराळी. जिकडे विरघळलेले पदार्थ अधिक, तिकडे ते ओढले जाते. भिजत घातलेला बेदाणा फुगतो तो याच परासरणामुळे. विद्युतभार असलेल्या सोडियमला मात्र स्निग्ध थर वाट देत नाही. त्याला प्रथिनांचे दरवाजे लागतात.

यांपैकी एक दरवाजा म्हणण्यापेक्षा पंप आहे. डॅनिश शास्त्रज्ञ येन्स स्को यांनी १९५७ मध्ये त्याचा शोध लावला आणि १९९७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा पंप ऊर्जा खर्चून सोडियमचे ३ आयन पेशीबाहेर टाकतो व पोटॅशियमचे २ आत घेतो. पेशीत सोडियम सदैव कमी राहते ते त्यामुळेच, आणि बाहेरचे सोडियम आत शिरण्यास टपलेले असते.

पटकी, म्हणजे उर्दूतील हैजा, या रोगात जंतूचे विष पेशी मारत नाही. (हे विष आतड्यातच काम करते, हे कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवले.) ते पटलातील क्लोराइडचा दरवाजा उघडा ठेवते. क्लोराइड आतड्याच्या पोकळीत वाहते, त्यामागे सोडियम आणि त्यामागे पाणी. रोगी काही तासांत सुकून जातो. अशा वेळी नुसते पाणी पाजले तर ते आत ओढून घेणारे काही नसते. नुसत्या मिठाचाही फारसा उपयोग होत नाही.

परंतु विषाचा परिणाम न होणारा एक दरवाजा शिल्लक असतो. तो ग्लुकोजच्या एका रेणूबरोबर सोडियमचे दोन आयन आत घेतो. दोघे सोबत असतील तरच. ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्राग येथे मांडली. मीठ आणि साखर जोडीने आत गेली की परासरणाने पाणीही मागोमाग जाते.

या ज्ञानाची खरी कसोटी १९७१ मध्ये बनगाव येथे लागली. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून देण्याचे सलाईन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरभर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ व २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा घालून ते पिंपांत भरून ठेवले. रोग्यांचे नातेवाईकच ते पेल्याने पाजत. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्के होते, ते या उपचाराने ३.६ टक्क्यांवर आले. महालनबीस यांना पद्मविभूषण मिळाले ते २०२३ मध्ये, मरणोत्तर. उशीर झाला, असेच म्हणावे लागेल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार बनवलेल्या ओआरएसच्या पुडीत आज १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड व २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असते. ही सारी पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यासाठी असते. पुडी हाती नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ चालते. जुलाब त्याने लगेच थांबत नाहीत; गेलेले पाणी भरून निघते. मूल गुंगीत असेल किंवा त्याच्या पोटात काहीच ठरत नसेल, तर वेळ न घालवता दवाखाना गाठावा.

मापात मात्र हयगय चालत नाही. मुलाला चव आवडावी म्हणून मूठभर साखर घातली, किंवा सबंध पुडी एका पेल्यातच कालवली, तर आतड्यातील द्रावण शरीराहून दाट होते. मग परासरण उलट फिरते, शरीरातलेच पाणी आतड्यात ओढले जाते, जुलाब खरोखरच वाढतात आणि घरातली वडीलधारी माणसे म्हणतात, ‘पाहिलंत ना, पाणी दिलं म्हणून वाढलं!’