ताकातल्या मिरचीचा दिवस

पहाटे साडेपाच. तंजावरचं ऊन तापायच्या आत चिरायचं काम उरकायला हवं. भोसल्यांचं राज्य 1855 मध्ये खालसा झालं, पण इथल्या मराठी घरांत चैत्र-वैशाखाची वाळवणं सुटली नाहीत, आणि त्यात इथली मोर मिळगाय, म्हणजे ताकात मुरवून वाळवलेली मिरची, हक्काची. रात्री धुतलेल्या मिरच्या पंच्यावर कोरड्या झाल्यात.

विळीवर बसण्याआधी तिळाचं तेल दोन्ही हातांना. नखांच्या कडांना आणि बोटांच्या बेचक्यांत जरा जास्तच. रबरी मोजे असतील तर त्याहून बरं. डोळ्यांत लेन्स घालणारीला या कामाला बसवू नये.

सहा ते आठ. देठ राखून मिरचीला एकच उभी चीर, टोकापर्यंत न नेलेली. तिखटपणा बियांत असतो असं सगळे सांगतात, पण तो मुख्यतः बिया ज्याला धरून असतात त्या पांढरट शिरेत असतो. चीर दाबून उघडताना नखाखाली जाते ती हीच.

साडेआठ. हात धुऊन झाल्यावर आग चढते. "काकू, हात पेटलेत हो!" म्हणत शेजारची मुलगी नळाकडे धावते. तिला थांबवावं लागतं. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणून आधी खाण्याचं तेल चोळायचं, कोरड्या फडक्याने पुसायचं, मग भांड्यांच्या साबणाने गार पाण्यात हात धुवायचे, नखं मऊ ब्रशने. हे दोन-तीनदा. गरम पाणी अजिबात नको. कॅप्सेसिन कातडी भाजत नाही, उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांना चेतवतं, म्हणून गरम पाण्याने आग भडकते. कॅप्सेसिन ओळखणारा ग्राही (रिसेप्टर) 1997 मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने शोधला आणि 2021 च्या नोबेलमध्ये त्या कामाचा मान झाला.

तरीही धग राहिली तर हात तेलाच्या वाडग्यात बुडवून बसायचं. गार पाण्याने लगेच बरं वाटतं, पण 1987 मध्ये अमेरिकेत तासभर हात बुडवून केलेल्या तुलनेत शेवटी तेलाचाच आराम जास्त ठरला. आमच्याकडे गार दहीही घेतात, दुधातलं केसीन कॅप्सेसिनला धरून ठेवतं. फक्त मिरच्यांसाठी कालवलेलं मिठाचं ताक घेऊ नये, बोटावर चीर असेल तर ते झोंबतं.

दहा वाजता मिरच्या ताकात. आधीच्या घाण्यातल्या, मुरून झालेल्या मिरच्या गच्चीवर उन्हात.

दुपारी जास्त सावध राहायचं. हात निवले तरी नखांत अंश असतो. डोळे चोळायचे नाहीत, तान्ह्याला घ्यायचं नाही. विळी, कडी, मोबाइल पुसून घ्यायचे. डोळ्यात गेलंच तर तेलाचं नाव काढू नये, वाहत्या स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटं डोळा धुवायचा, आणि दिसायला धूसर वाटलं किंवा दुखणं राहिलं तर डॉक्टरांकडे जायचं. हातावर फोड आले तरी तसंच.

संध्याकाळी सहा. गच्चीवरच्या मिरच्या पुन्हा त्याच ताकात. ताक आटेपर्यंत हे रोज चालेल. उरलेली टोपली उद्या चिरायची आहे, म्हणून तेलाची वाटी विळीपाशीच झाकून ठेवली आहे.