ज्ञानगंगेतल्या वाघाला वाघीण आणावी का?

यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातल्या टी-१ वाघिणीचा पहिला बछडा म्हणून वन विभागाच्या दप्तरी या वाघाची नोंद 'टी-१ सी-१' अशी होती. लोक मात्र त्याला 'वॉकर' म्हणू लागले. भारतीय वन्यजीव संस्थेचे डॉ. बिलाल हबीब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर बसवली होती. त्याच वर्षी जूनमध्ये त्याने यवतमाळ जिल्हा सोडला. पैनगंगेचं खोरं, तेलंगणातला आदिलाबादचा भाग आणि हिंगोलीची शेतं पार करत डिसेंबरात तो बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तोवर त्याची सुमारे १,३०० किलोमीटर चाल झाली होती. एप्रिल २०२० मध्ये कॉलर काढली, तेव्हा हा आकडा ३,००० च्या पुढे गेला होता. दर तासाला एक, अशा पाच हजारांहून जास्त ठिकाणांची नोंद उपग्रहामार्फत झाली होती. एवढ्या वाटेत माणसाशी त्याची एकदाच झटापट झाली, तीही तो विसावला होता त्या झुडपातच कुणीतरी शिरलं म्हणून.

ज्ञानगंगेत त्याला रोही, रानडुक्कर, चितळ असं मुबलक खाद्य मिळालं. हद्दीवरून भांडायला दुसरा वाघ नव्हता. पण वाघीणही नव्हती. मग चर्चा सुरू झाली की त्याच्यासाठी बाहेरून एखादी वाघीण आणावी. कल्पना प्रेमापोटी आलेली होती आणि वन विभागानेही तिचा विचार केला. तरीही त्या प्रेमाला आनुवंशशास्त्राची एक बाजू जोडून पाहायला हवी होती, असं मला वाटतं. ती चर्चेत फारशी आली नाही.

वयात आलेला नर वाघ जन्मस्थान का सोडतो? टिपेश्वर जेमतेम १४८ चौरस किलोमीटरचं आणि वाघांनी भरलेलं. जागेची टंचाई हे कारण तर उघडच आहे. पण या सवयीचा आणखी एक मोठा फायदा असतो. नर दूर गेला की आई, बहिणी, मावश्यांशी त्याचा संबंध येत नाही. माद्या बहुतेकदा आईच्या आसपासच हद्द धरतात. म्हणजे जवळच्या नात्यातलं प्रजनन टळावं याची सोय मुख्यतः नराच्या पायपिटीवर आहे.

हे टळणं इतकं महत्त्वाचं का, ते विदर्भातल्या वाचकाला सिकलसेल या आनुवंशिक आजारामुळे चटकन कळेल. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. सदोष प्रत अप्रभावी असेल तर दुसरी चांगली प्रत काम भागवते. असा माणूस वाहक असतो, आजारी नसतो. दोघे वाहक एकत्र आले, तर प्रत्येक गरोदरपणात आजारी मूल जन्माला येण्याची शक्यता चारात एक. वाघांचंही तसंच. धडधाकट दिसणारा वाघसुद्धा अशा काही सदोष प्रती गुपचूप वाहत असतो. परक्या वाघिणीत नेमक्या त्याच जनुकांत दोष असण्याची शक्यता कमी, म्हणून पिलं निभावून जातात.

आता ज्ञानगंगेची कल्पना करू. २०५ चौरस किलोमीटरचं जंगल, एक वाघ, आणलेली एक वाघीण. पहिली पिढी उत्तम होईल. त्यातले नर निघून जातील. मुली तिथेच वाढतील, आणि बाहेरून दुसरा नर आला नाही तर त्यांच्यासाठी उरेल तो बापच. बापाकडे दडलेला एखादा दोष मुलीत उतरण्याची शक्यता निम्मी. ती वाहक असेल तर तिच्याकडून पिलाला तो मिळण्याची पुन्हा निम्मी, आणि बापाकडून थेट मिळण्याचीही निम्मी. गुणाकार केला की आठात एक. हे झालं एका दोषाचं. समजा बापात असे दहा दोष वेगवेगळ्या जनुकांत दडलेले आहेत. तर त्यातला एकही दुहेरी न होता पिलू सुटण्याची शक्यता अवघी २६ टक्के उरते. आपल्याकडे मामाच्या मुलीशी सोयरीक होते, त्यातल्या अपत्याचा अंतःप्रजनन गुणांक, म्हणजे एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाच्या एकाच प्रतीतून येण्याची शक्यता, एक सोळांश असतो. बाप-लेकीच्या या जोडीत तो एक चतुर्थांश, म्हणजे चौपट.

बाप-लेकीच्या अशाच जोडीतून जगाला पांढऱ्या वाघांची संतती मिळाली. रीवाचे महाराज मार्तंडसिंह यांनी १९५१ मध्ये मोहन नावाचा पांढरा बछडा पकडला. साध्या रंगाच्या वाघिणीपासून त्याला एकही पांढरं पिलू झालं नाही. मग त्याच्याच मुलीशी, राधाशी त्याची जोडी लावली, आणि १९५८ मध्ये चार पांढरी पिलं जन्मली. २०१३ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी त्यामागचा रंगद्रव्याच्या जनुकातला एकच बदल शोधून काढला. पांढरा रंग टिकवण्यासाठी प्राणिसंग्रहालयांनी पुढेही नात्यातच जोड्या लावल्या. त्या पिलांचे जे हाल झाले, ते बघायला आलेल्या गर्दीला कधी दिसले नाहीत.

हे पिंजऱ्यात झालं, पण मोकळ्या जंगलातही होतं. ओडिशातल्या सिमिलिपालमध्ये काही वाघांचे काळे पट्टे इतके रुंद आणि जवळजवळ असतात की अंग जवळपास काळं दिसतं. बंगळुरूच्या राष्ट्रीय जैवविज्ञान केंद्रातल्या उमा रामकृष्णन, विनय सागर आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दाखवलं की हा एका अप्रभावी बदलाचा परिणाम आहे. सिमिलिपालच्या सुमारे ३७ टक्के वाघांचं अंग असं काळसर होतं, देशातल्या इतर जंगलांत मात्र हा रंग सापडला नाही. रंग स्वतः घातक नाही. पण एक दुर्मीळ अप्रभावी गुण इतका बोकाळला, याचा अर्थ तिथली वाघांची वस्ती लहान आहे, तुटलेली आहे, आणि न दिसणारे दोषही त्याच वेगाने दुहेरी होत असणार.

उपाय आहे, आणि तो आजमावलेला आहे. अमेरिकेत फ्लोरिडातले पँथर वीस-तीसवर आले होते. शेपट्या मुरडलेल्या, हृदयात दोष, नरांचे वृषण खाली न उतरलेले. १९९५ मध्ये टेक्सासमधून आठ माद्या आणून सोडल्या. पुढच्या पिढ्यांत हे दोष कमी झाले आणि संख्या शंभराच्या पुढे गेली. सिमिलिपालसाठी हीच वाट धरली गेली, आणि तीही महाराष्ट्राच्या मदतीने. २०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ताडोब्याच्या जमुना आणि झीनत या वाघिणी तिकडे नेल्या. झीनत तिथून निघून झारखंड ओलांडून बंगालात शिरली. २९ डिसेंबरला बांकुड्यात तिला बेशुद्ध करून परत आणावं लागलं.

म्हणूनच मला ज्ञानगंगेतला तो वाघ मोलाचा वाटतो. ओडिशात जे काम ट्रक आणि भुलीच्या बंदुकीने करावं लागलं, ते त्याने स्वतःच्या पायांनी केलं होतं. तो ज्ञानगंगेपर्यंत नवी जनुकं घेऊन आला होता. अडचण होती ती पुढच्या वाटेची. बुलढाणा जिल्ह्याच्याच उत्तर टोकाला, संग्रामपूर तालुक्यात, अंबाबरवा अभयारण्य आहे. ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे आणि तिथून सातपुड्याच्या वाघांची सगळी वस्ती सुरू होते. दोन्हींत सरळ रेषेत साठ-सत्तर किलोमीटरचंच अंतर. तीन हजार किलोमीटर चाललेल्या वाघाला ते काय होतं? पण मधे पूर्णा नदीचं सपाट, मोकळं खोरं आहे. कपाशीची सलग शेतं, मलकापूर-नांदुरा-खामगाव पट्ट्यातला महामार्ग आणि भुसावळहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग. आडोशाला फक्त ओढे-नाल्यांच्या काठच्या बाभळी आणि झुडपं. दक्षिणेला, ज्या बाजूने तो आला, तिथून आता समृद्धी महामार्ग गेला आहे. २०१९ मध्ये त्याचं काम चालू होतं, वाहतूक नव्हती. प्राण्यांसाठी त्याखालून आणि त्यावरून मार्ग ठेवले आहेत. त्यातले नेमके कोणते वापरले जातात हे कॅमेरे लावून पाहत राहिलं पाहिजे.

वाघीण आणण्याला माझा सरसकट विरोध नाही. पण दोन्ही वाटा खुल्या नसतील तर ती वाघीण एका बंद खोलीत आणल्यासारखं होईल, आणि तिच्या नातवंडांना त्याची किंमत मोजावी लागेल. तेच पैसे आणि तीच मेहनत आधी नाल्यांच्या काठची झाडी राखण्यावर, महामार्गाखालचे मार्ग मोकळे ठेवण्यावर आणि जनावर मारलं गेल्यावर शेतकऱ्याला वेळेत भरपाई देण्यावर लागावी. वाट शेतातून जाते, म्हणजे ती शेतकऱ्याच्या मर्जीवर टिकते.

आणखी एक काम स्वस्तात होण्यासारखं आहे. वाघाच्या विष्ठेतून आणि गळालेल्या केसांतून डीएनए मिळतो, त्यासाठी वाघ पकडावा लागत नाही. ज्ञानगंगेत आणि अंबाबरव्यात गस्त घालणाऱ्या वनरक्षकांनी असे नमुने नेमाने गोळा केले, तर आलेला प्रत्येक वाघ टिपेश्वरच्या बाजूचा की मेळघाटचा हे ताडून पाहता येईल. ज्ञानगंगेत मेळघाटचा एक वाघ जरी सापडला, तरी पूर्णेचं खोरं आजही ओलांडता येतं याचा पुरावा हाती येईल, आणि कुठली वाट आधी वाचवायची तेही ठरवता येईल.