कालव्याच्या अंगाचं घर्षण

पैठणच्या उजव्या कालव्याचं पाणी 132 किलोमीटर चालून माजलगावच्या धरणात येतं. सिंदफणेवरचं हे धरण जायकवाडी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यातलं. सिंदफणेच्या स्वतःच्या पाणलोटाचा भरवसा नाही, म्हणून गोदावरीचं पाणी पैठणच्या नाथसागर जलाशयातून आणून इथे भरायचं आणि पुढच्या कालव्याला सोडायचं, अशी ही योजना. पाण्याला इथवर पंपानं ढकललेलं नाही, ते निव्वळ उतारावर येतं. एवढ्या लांबच्या वाटेला उतार फार काटकसरीनं वापरावा लागतो आणि त्यातला बहुतेक सगळा भिंतीशी होणाऱ्या घर्षणात जातो.

हे घर्षण किती असतं? हिशेबासाठी एक कल्पित कालवा घेऊ. त्याचा उतार 10,000 मीटरला 1 मीटर, म्हणजे किलोमीटरमागे 10 सेंटिमीटर. पाण्याचा छेद भागिले ओली कड, म्हणजे अभियंते जिला जलीय त्रिज्या म्हणतात ती, 2 मीटर. अशा कालव्याच्या ओल्या अंगावर पाणी दर चौरस मीटरला साधारण 200 ग्रॅम वजनाइतक्या जोरानं ओढ लावतं. तळहातालाही जाणवणार नाही इतकी ही ओढ. पण ओली कड 20 मीटर धरली तर एका किलोमीटरला ती 4 टन होते. ही ओढ आणि पाण्याच्या वजनाचा उताराकडचा भाग बरोबरीत आले की वेग ठरला. कालव्याचं सगळं गणित या बरोबरीत आहे.

भिंतीला चिकटलेला पाण्याचा थर हलत नाही. त्याच्या लगतचा थर थोडा सरकतो, त्यावरचा जरा अधिक, आणि मधल्या धारेत पूर्ण वेग येतो. भिंतीलगतचा हा पट्टा वेगळा काढून अभ्यासता येतो, हे लुडविग प्रांटल यांनी 1904 मध्ये मांडलं. विमानाचे पंख आणि जहाजांची बुडं यांचं घर्षण आज वर्तवलं जातं ते याच वाटेनं. कालवेवाले मात्र त्याच्या आधीपासून आपल्या पद्धतीनं काम भागवत होते. फ्रान्समध्ये दार्सी आणि बाझँ यांनी बर्गंडी कालव्याजवळ मुद्दाम वेगवेगळ्या अस्तरांचे पाट बांधून प्रयोग केले. दार्सी 1858 मध्ये वारले, बाझँ यांनी काम पुरं करून 1865 मध्ये छापलं. इंग्लंडमध्ये विल्यम फ्रूड यांनी 1870 च्या दशकात टॉर्कीच्या टाकीत फळ्या ओढून पाहिल्या. कुणाला वार्निश, कुणाला कापड, कुणाला वाळू. पुढे 1933 मध्ये निकुराडसे यांनी नळ्यांना आतून एकाच जाडीच्या वाळूचे कण चिकटवून खरखरीतपणाला मोजमाप दिलं.

आपल्या कालव्यांवर राज्य करतो तो मात्र रॉबर्ट मॅनिंग या आयरिश अभियंत्याचा आकडा. 1889 साली, सत्तरी ओलांडल्यावर, त्यांनी डब्लिनला सूत्र मांडलं. गंमत म्हणजे आज त्यांच्या नावानं चालणारं सोपं रूप त्यांना स्वतःला फारसं पसंत नव्हतं. त्या सूत्रात ‘एन’ हा रुक्षतेचा गुणांक येतो. चांगल्या काँक्रीट अस्तराला तो 0.018 च्या आसपास धरतात, मातीच्या कालव्याला 0.025, आणि गवत-गाळ माजला की 0.030 च्याही पुढे. दिसायला हा फरक किरकोळ आहे. पण वरच्या कल्पित कालव्यात 0.018 ला वेग सेकंदाला 88 सेंटिमीटर येतो आणि 0.030 ला 53. म्हणजे त्याच उंचीनं वाहणाऱ्या कालव्यातून शंभराच्या जागी साठच पाणी जातं. शिवाय 132 किलोमीटरची वाट 42 तासांऐवजी 69 तासांची होते. वाटेत झिरपणं आणि वाफ होणं चालूच असतं, ते वेगळं.

अस्तर घातलं की हा प्रश्न मिटला असं बैठकांमध्ये धरलं जातं. मराठवाड्याची काळी माती ते मिटू देत नाही. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर बसवलेलं काँक्रीट तडकतं, फुगवट्यानं उचलतं. सांध्यांतून बेशरम आणि पाणकणीस वर येतात, तळाला गाळ बसतो, शेवाळाची गादी तयार होते. पाणी मुरू नये म्हणून घातलेलं अस्तर गुळगुळीत राहत नाही, आणि कागदावरचा 0.018 मात्र तसाच राहतो.

मोजायचं कसं? सरळ, एकसारख्या छेदाचा एखादा किलोमीटर निवडायचा. पाणी स्थिर चालत असताना आडव्या रेषेवर ठिकठिकाणी वेगमापक, म्हणजे करंट मीटर, सोडायचा. त्याच्या फिरणाऱ्या वाट्यांचे फेरे मोजायचे, खोलीच्या 0.2 आणि 0.8 वर वाचन घेऊन सरासरी काढायची. मग दोन्ही टोकांची पाणपातळी. खरी परीक्षा इथे आहे, कारण सगळा फरक 10 सेंटिमीटरचा. त्यात 1 सेंटिमीटर चुकलं तर ‘एन’ 5 टक्क्यांनी चुकतो. लाटा हलवतात म्हणून पट्टी उघड्या धारेत न ठेवता काठावरच्या शांत विहिरीत ठेवतात. वेगमापकाचीही खात्री करून घ्यावी लागते. ते काम पुण्याजवळ खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत अनुसंधान शाळेत होतं. 1916 मध्ये मुंबई इलाख्याच्या सिंचन विभागातून सुरू झालेल्या या संस्थेत लांब टाकीवरून ठरावीक वेगानं धावणारी ट्रॉली आहे. तिला टांगून मीटर स्थिर पाण्यातून ओढतात आणि फेऱ्यांचा हिशेब लावून देतात.

असा काढलेला ‘एन’ शुद्ध घर्षणाचा नसतो, हेही सांगायला हवं. वळणं, पूल, दारं, काठावरून ओढलेले पाइप, सगळं त्यात मुरलेलं असतं. पण अभियंत्याला तोच हवा असतो, कारण पाणी त्या सगळ्यातून जातं.

शेतकऱ्याला याचं काय? घर्षण वाढलं की तेवढंच पाणी नेण्यासाठी पातळी वर चढते. वरच्या दारांवर दाब वाढतो, ती हक्कापेक्षा जास्त घेतात, आणि टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला, पाणी पोचत नाही. पातळी फारच चढली तर भराव फुटण्याची भीती, म्हणून विसर्ग कमी करतात आणि टेल आणखी कोरडा राहतो. मग पाटकऱ्यावर ओरड होते, वरच्या गावांशी भांडणं होतात. त्यातलं बरंचसं भांडण खरं तर गवताशी आणि फुगलेल्या काँक्रीटशी असतं. महाराष्ट्राच्या सिंचन व्यवस्थापनाच्या 2005 च्या कायद्यानं शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांना पाणी मोजून मिळण्याचा हक्क दिला आहे. पण पाणी मोजून देणं आणि कालव्याची वहनक्षमता मोजणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसरं काम संस्थांनी मागितल्याशिवाय होणार नाही.

कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत आवर्तनाच्या तारखांवर तासन्‌तास चर्चा होते. तिथे आणखी एक प्रश्न विचारा: या कालव्याचा ‘एन’ शेवटचा कधी मोजला, किती आला, आणि आवर्तनाचा हिशेब त्यावर केला आहे की जुन्या आराखड्यातल्या आकड्यावर?