अपोलोच्या आज्ञावलीतली थट्टामस्करी
१९६९ साली ‘अपोलो ११’ला चंद्रावर उतरवणारी आज्ञावली अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत लिहिली गेली. इंजिन पेटवणाऱ्या भागाला तिथल्या प्रोग्रामरांनी नाव दिलं ‘बर्न बेबी बर्न’! लॉस एंजेलिसच्या एका रेडिओ निवेदकाची ती गाजलेली आरोळी.

आज्ञावलीत यंत्रासाठी सूचना असतात आणि शेजारी, वाचणाऱ्या माणसांसाठी, टिपा. टिपा यंत्रात जात नाहीत. यानावरच्या संगणकाची कायमस्वरूपी स्मृती अवघी ३६,८६४ शब्दांची, तारा ओवून बनवलेली. तिथे चेष्टेला जागा कुठली? टिपांत मात्र मोकळीक होती. रडारचा अँटेना योग्य स्थितीत नसेल, तर संगणक अंतराळवीराला तो फिरवायला सांगतो. तिथली टीप म्हणते, ‘ते खुळं यंत्र जरा फिरवा हो’. मग पुन्हा तपासणी, आणि टीप: ‘गडी खोटं तर बोलत नाही ना, बघ’. मला ही सगळ्यांत आवडते, कारण तिच्यामागे काटेकोर विचार आहे: माणसाच्या शब्दावर न विसंबता यंत्रानं स्वतः खात्री करून घ्यायची. आणखी एका ठिकाणी दोन सूचनांपुढे लिहिलंय, ‘हे तात्पुरतं आहे, अशी आशा, आशा, आशा’. त्या सूचना तशाच चंद्रापर्यंत गेल्या.