रक्ताचे उगमस्थान

तांबडी रक्तपेशी सुमारे १२० दिवसच जगते. तरीही आपले रक्त आटत नाही, हे कसे? याचे उत्तर हाडांच्या पोकळीतील मज्जेत आहे. तेथील मूळ पेशींचे विभाजन होऊन काही पेशी मूळ रूपातच राहतात. इतरांपासून प्राणवायू वाहणाऱ्या तांबड्या पेशी, रोगजंतूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी व रक्तस्राव थांबविणाऱ्या बिंबिका तयार होतात. तांबड्या पेशीच सेकंदाला २० लाखांच्या आसपास जन्मतात!

१९६१ साली टोरांटो येथे टिल व मॅककुलक या शास्त्रज्ञांनी, किरणांनी मज्जा निकामी केलेल्या उंदरांना निरोगी मज्जा टोचली. त्यांच्या प्लीहेत नव्या रक्तपेशींच्या गाठी उगवल्या आणि मूळ पेशींच्या शोधाला दिशा लाभली.

रक्ताच्या कर्करोगात निरोगी माणसाच्या मूळ पेशी रोग्याला देता येतात. भारतात असे मज्जारोपण प्रथम १९८३ साली मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात झाले. मात्र सख्ख्या भावंडाशीही पेशी पूर्ण जुळण्याचा संभव चारात एकच असतो. म्हणूनच अनेक रोग्यांचे प्राण अनोळखी दात्यावर अवलंबून असतात. दात्याची उणीव तर काही आठवड्यांतच भरून निघते. देऊनही न सरणारे असे हे दान आहे.